साडेपाच फुटांचा पलंग

माझे भावजी सुतार. वीस वर्षं पलंग करतायत, पण घरचा एक सोडला तर त्यांच्या एकाही पलंगावर कधी कुणी झोपलं नाही, असं मी सांगितलं की लोक मला वेड्यात काढतात.

खोटं कशाला बोलू? बंदराच्या जुन्या धक्क्यावरची गोदामं पाडली आणि तिथे काचेचे मनोरे उभे राहिले. पूर्वी जिथे जाळी वाळत पडायची तिथे आता लोक कॉफी पीत फोटो काढतात. तर या मनोऱ्यांच्या तळाला, गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून, एक घर सजवून ठेवतात. दुमजली, आतूनच जिना, समोर पाणी. त्या घरातलं फर्निचर भावजींचं आणि फडकं माझं. मांडणीतली पुस्तकं म्हणजे नुसते चिकटवलेले पुठ्ठे, टीव्ही म्हणजे रिकामा खोका, नळाला पाणी नाही. आणि पलंग साडेपाच फुटी! खरा असतो सव्वासहा फुटांचा. नऊ इंच भावजी खायचे. खुर्च्या बुटक्या, कपाटं उथळ, खोल्यांना दारंच नाहीत. मग गिऱ्हाईक आत येतं आणि म्हणतं, "वा, काय ऐसपैस खोली आहे!" पलंगावर बसायला मनाई, त्यामुळे बिंग काही फुटत नसे. एकाने वरचं घर घेतलं, राहायला येताना आपला पलंग आणला, तर त्याच्या खोलीचं दार उघडेना. बिचाऱ्याने दारच काढून ठेवलं.

भावजींना या कामाचा कोण अभिमान. "मला टेप लागत नाही," म्हणायचे, "हात आपोआप थांबतो."

आणि घरी माझी ताई जमिनीवर झोपायची.

ताई म्हणजे पाच फूट आठ इंच. भावजी तिच्या कानापर्यंत. लग्नाच्या दिवशी फोटोवाल्याने त्यांना खोक्यावर उभं केलं होतं. त्यावरून मी त्यांना किती छळलंय! "भावजी, ताईशी भांडायचं असेल तर आधी स्टूल आणा." ते हसायचे, ताईही हसायची. मग ताईची पाठ धरली. डॉक्टर म्हणाले, मणके ठिसूळ झालेत, खाली बसत चाललेत, जमिनीवरची उठबस बंद, उंच पलंग करून घ्या. नवरा सुतार आहे हे कळल्यावर डॉक्टरांनाही हसू आलं. मला मात्र संताप आला. सकाळी ती उठायची ते बघवत नसे. आधी कुशीवर वळायची, मग कोपरावर, मग भिंत धरून. डोळ्यांतून पाणी.

"एवढा मनोरा उरकू दे," भावजी म्हणायचे, "की पहिला पलंग तुझा."

मनोरे काही संपेनात. शेवटी एकदा मी तोंड सोडलंच. "परक्यांना खोटे पलंग पुरवताय, आणि माझ्या बहिणीला एक खरा होत नाही तुमच्याच्याने?" ताईने माझ्याकडे डोळे वटारले, पण बोल वर्मी लागला. त्यांनी चांगलं जड लाकूड आणलं. आठवडाभर, कामावरून आले की दारापुढे रंधा घेऊन बसायचे. तिला लागू नये म्हणून सगळ्या कडा गोल केल्या. पलंग आत आला, गादी पडली, ताई पहिल्यांदा आडवी झाली, आणि तिचे पाय पायाकडच्या फळीला अडले. गुडघे वरच राहिले.

कुणाला काही कळेना. मग मी टेप लावली. साडेपाच फूट.

भावजींनी मापच घेतलं नव्हतं. बायकोचं कसलं माप घ्यायचं, असं वाटलं असेल. हात सवयीने थांबला आणि तिथे त्यांनी करवत चालवली. चेहरा पांढराफटक पडला त्यांचा. "दोन दिवसांत वाढवून देतो," एवढंच म्हणाले.

"असू द्या हो," ताई म्हणाली. "मी तशीही पाय दुमडूनच झोपते."

साफ खोटं! लहानपणी आम्ही एका गादीवर झोपायचो, मला नको सांगायला. ताई उताणी, तंगड्या पसरून, माझी अर्धी जागा बळकावून झोपणारी.

दोन दिवसांची तीन वर्षं झाली. नवा मनोरा आला, मग त्याच्या पलीकडचा. घरी भावजी त्या पलंगाकडे पाठ करून जेवायला बसायचे. त्यांना लाज वाटत होती, हे मला आता कळतं. तेव्हा मी त्यांना तोंडावर निगरगट्ट म्हणाले होते. ताई गुडघे पोटाशी घेऊन झोपत राहिली. मध्येच तिचा गाऊन जमिनीवर लोळायला लागला, तो मी खालून दुमडून शिवून दिला. वर्षभराने पुन्हा दुमडला. माझ्याही डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

मागच्या महिन्यात बंदरावरची सगळी घरं विकली गेली आणि दाखवायचं घर मोडलं. भावजींचे पलंग त्यांच्या डोळ्यांदेखत भंगाराच्या ट्रकमध्ये गेले. दुपारी ते खांद्यावर दोन लांब फळ्या घेऊन घरी आले. "सरळ झोप," ताईला म्हणाले. "या वेळी माप घेतो."

टेपचं एक टोक मी ताईच्या डोक्यापाशी धरलं, दुसरं त्यांनी टाचेपाशी नेलं. ताईने पाय लांब केले होते, अगदी सरळ. टाच आणि फळी यांच्यामध्ये चार बोटं जागा उरली होती.

भावजींनी आकडा वाचला. पुन्हा वाचला. पाच फूट तीन.

"बघा," ताई म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरंच आनंद होता, "उगाच फळ्या आणल्यात. पुरतोय की मला आता. मी म्हटलंच होतं, तुमचा हात चुकायचा नाही."

भावजी तिथेच पलंगाच्या कडेला बसले आणि ढसाढसा रडले. त्यांना सुनवायला मी तीन वर्षांचं साठवून ठेवलं होतं, ते तसंच ठेवून मी टेप गुंडाळली. ताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग पाणी आणायला म्हणून ती उठली, तसे तेही घाईने उठले, तिला धरायला. दोघं शेजारी शेजारी उभी होती. फोटोवाल्याला आता खोका लागला नसता.