आत्याचे गुडघे आणि माझे तळपाय

आमच्या घरात गुडघे दुखतात आत्याचे आणि त्यावर उपाय सुचतात मला.

आत्या तळेघरची. भाताची खाचरं तुडवण्यात आणि एसटीची वाट बघण्यापेक्षा चालत जाण्यात तिचा जन्म गेला. शेवटी गुडघ्यांनी संप पुकारला, तशी ती आमच्याकडे आळ्याला येऊन राहिली. तेल झालं, लेप झाला, पट्टे झाले. मग मी जाहीर केलं की वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांत बसल्याशिवाय गुण येणार नाही. (हे मला मोबाईलवरच्या एका व्हिडिओनं सांगितलं होतं; घरात मात्र मी ते स्वतःचं ज्ञान म्हणून मांडलं.)

बायको सुनीता म्हणाली, जाताना घाटात थोडी गाडी मी चालवते. तिनं आळेफाट्याच्या क्लासला गाडी शिकून लायसन्स काढलं होतं. पण माझ्या हिशेबी ती घरापासून मळ्यापर्यंतची ड्रायव्हर. तेही मी शेजारी हँडब्रेकवर हात ठेवून बसल्यावर! माळशेज घाट म्हणजे मळा नव्हे, असं सांगून मी चावी खिशात टाकली.

माळशेज उतरून मुरबाडमार्गे आम्ही सुखरूप पोचलो. वाटेत मी कुंडाच्या पाण्यातल्या गंधकाचे गुण सांगत होतो. आत्या खिडकीला डोकं लावून झोपली होती, तरी मी थांबलो नाही.

तिथं कुंडं बरीच. एक कोमट, एक कढत, आणि एक असं की त्याच्या काठाला बसलेली माणसंसुद्धा पाय वर घेऊन बसलेली. मी नेमकं तेच निवडलं. आत्यानं बोट बुडवलं आणि लगेच ओढून घेतलं.

"दत्ता, ह्ये पाणी न्हाई. चुलीवरचं आधण हाय."

मी म्हणालो की सुरुवातीला तसं वाटतं, मग कातडी सरावते. आणि दाखवायला म्हणून पँट दुमडून गुडघ्यापर्यंत आत उतरलो.

कातडी सरावली नाही. पण तेवढ्यात काठावरचे एक आजोबा कौतुकानं म्हणाले, "पावणं लई दमाचं हायेत." झालं! आता बाहेर कसं यायचं? मी हसत उभा राहिलो. माझं हसू इतकं रुंद झालं, की सुनीतानं घाबरून मला दंडाला धरून बाहेर ओढलं. पाय गाजरासारखे लाल झाले होते.

दोघींनी आधी मला जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मलम लावून दोन्ही पाय बांधले आणि चारपाच दिवस पाय टेकू नका म्हणाले. मी विचारलं, गाडी चालवली तर? त्यांनी माझ्याकडे न बघता सुनीताला विचारलं, "तुम्हाला येते ना?"

मग मला गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घालून दोघी कोमट कुंडात निवांत तासभर बसून आल्या. आत्याचा चेहरा न्हालेल्या बाळासारखा दिसत होता.

परतीला घाट चढायचा होता. माझे बांधलेले पाय आत्याच्या मांडीवर. मी मागून सूचना देत होतो: गिअर बदल, डावीकडे घे, हॉर्न दे. ऐन वळणावर पुढचा ट्रक थांबला, सुनीतानं ब्रेक मारला आणि गाडी बंद पडली. मागं दुसरा ट्रक, डावीकडे दरी. गाडी हातभर मागं सरकली. मी ओरडायला तोंड उघडलं, तोच आत्यानं वाकून त्यावर तळहात ठेवला.

"पाय गेलं तुझं. आता त्वांड कशाला चालवतोस? करू दे तिला."

सुनीताच्या मानेवर घाम दिसत होता. तिनं हँडब्रेक ओढला, एक श्वास घेतला, गाडी चालू केली. गाडी सावकाश वर निघाली. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं, की इतके दिवस हँडब्रेकवर माझा हात उगीचच होता. पण आत्याचा तळहात अजून तोंडावर असल्यानं हे सांगता आलं नाही.

घाटमाथ्यावर सुनीतानं गाडी कडेला घेतली आणि ती उतरली. आत्याही कुणाचा आधार न घेता खाली उतरली आणि तिनं सुनीताच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. दोघी हसल्या, मग थोडं रडल्या. मी काचेतून बघत होतो.

दुसऱ्या दिवसापासून सगळी आळी भेटायला लोटली. माणसं आत्याची चौकशी करायला यायची आणि पलंगावर मला बघून गोंधळायची. चहा आत्याच आणून द्यायची, तुरुतुरु चालत.

आठवड्यानं ती सुनीताला म्हणाली, "परत कवा जायाचं गं?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा, आत्या. पण ह्यांचं काय करायचं?"

आत्यानं माझ्या पायांकडे पाहून विचार केला. "येऊ दे की त्याला. कुंडाजवळ चपला राखाया माणूस लागतंयच."

मी लगेच हो म्हणालो. चपला राखायला लायसन्स लागत नाही. आणि तेवढं काम मला एकट्याला जमेल, असं सुनीतालाही वाटतं.