पातळ पांढऱ्याचा एक हात

एक गोष्ट मी दोन वर्षे लपवून ठेवली. ज्या नकाशाबद्दल रत्नागिरीत माझे कौतुक झाले, त्याचे मर्म माझे नव्हते. हातखंब्याला पाट्या रंगवणारे इब्राहिमभाई गेल्याचा फोन आला, तेव्हा दुःखाच्याही आधी मला तीच गोष्ट आठवली...

मी भूगोलाचा शिक्षक. इंटरनेटवर आपला नकाशा आपल्यालाच करता येतो हे कळल्यावर मी हरखून गेलो आणि तालुक्यातल्या, मे महिन्यातही पाणी टिकवणाऱ्या विहिरी निळ्या ठिपक्यांनी दाखवल्या. टँकर आधी कोठे पाठवायचा, हे त्यावरून ठरावे एवढीच इच्छा. रत्नागिरीतल्या पाणीटंचाईच्या सभेसाठी कापडी फलक सांगायला गेलो, तेव्हा छापील प्रत इब्राहिमभाईंना दाखवली. उपग्रहाच्या चित्रातली हिरवी-तांबडी जमीन, रस्ते, गावांची नावे... त्यांनी हात लांब करून कागद धरला.

"सर, विहिरी कुठे लपवल्यात? इथे तर सगळेच ओरडतायत."

धावत्या ट्रकमधून वाचता यावी अशी पाटी करताना ते अक्षरांआधी मागचा रंग शांत करीत. यावरही पातळ पांढऱ्याचा एक हात मारा, म्हणाले. मी त्यांना तसेच स्कूटरवर बसवून सायबर कॅफेत नेले. अख्ख्या तालुक्याभोवती चौकोन आखला, त्यात पांढरा रंग भरला आणि तो अर्धा पारदर्शक केला. रस्ते धुके पडल्यासारखे मागे सरले, आणि विहिरी एकदम वर आल्या! पाली गावाच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, एकही ठिपका नाही, हे मला त्या क्षणी प्रथम दिसले. मग 'अजून थोडा पातळ', 'नको, एवढाच', असे तासभर चालले. पन्नाशीतले दोन गृहस्थ पडद्याला नाक लावून इतके का हसताहेत, ते कॅफेवाल्याला कळेना.

सभेत नकाशा पाहून एका अधिकाऱ्यांनी विचारले, ही युक्ती कोणाला सुचली? फलक बांधून इब्राहिमभाई दाराशीच उभे होते. मी म्हणालो, "मला."

परतताना ते एवढेच बोलले, "भिंतीला चुना मारणाऱ्याचं नाव कोण विचारतो, सर?" आणि हसले. त्या हसण्यात मला मोकळीक होती. मी ती घेतली.

गेल्या आठवड्यात त्यांच्या दुकानात गेलो. बसस्थानकासाठी याच नकाशाची मोठी पाटी त्यांनी करायला घेतली होती. फिकट तालुका पुरा झाला होता. विहिरींचा निळा रंग अजून डब्यातच होता. त्यांच्या पत्नीने पाटी माझ्यासमोर टेकवली.

"तुमचंच काम आहे, सर. घेऊन जा."

पाटीला हात लावण्याआधी मी बोललो.

"भाभी, हे काम इब्राहिमभाईंचं आहे. कल्पना त्यांची होती. ते समोर उभे असताना मी ती माझी म्हणून सांगितली. मला माफ करा."