कागदात गुंडाळलेली केराची टोपली

ह्यांची बदली झाली की सामान बांधणारे येतात आणि दिसेल ते कागदात गुंडाळतात. दूतावासातल्या आम्हा बायकांचा हा नेहमीचा हसण्याचा विषय. कुणाच्या खोक्यातून अर्धा खाल्लेला पाव निघतो, कुणाच्या संपत आलेला साबण.

काल नव्या देशातल्या घरात मी एक खोकं उघडलं. आत माझ्या नऊ वर्षांच्या लेकीच्या, सईच्या जुन्या खोलीतली केराची टोपली होती, काचेचं भांडं असावं तशी जपून गुंडाळलेली. तिच्या तळाशी मैत्रिणींनी निरोपाच्या दिवशी सईच्या मनगटावर बांधलेला रंगीत दोऱ्यांचा पट्टा होता. चुकून पडला असेल, म्हणून मी तो झटकून सईपुढे धरला.

"मीच टाकला होता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं.

बाहेर चार वाजताच अंधारून आलं होतं. पोरांनी किती देश पाहिले, हे आम्ही कौतुकाने सांगतो. प्रत्येक देश सोडताना त्यांनी काय टाकून दिलं, ते आम्हाला ठाऊक नसतं. सामान आलं की काय फुटलं, तेवढंच आम्ही बघतो.

सईने पट्टा पुन्हा टोपलीत ठेवला. "आई, पुढच्या वेळी ती माणसं यायच्या आधी टोपली रिकामी करून ठेव."