नाव घ्यायला सास्तूरला

पुण्यातल्या आमच्या दवाखान्यात व्हिडिओवरून तपासणी होते. जे रुग्ण फोनवर येत नाहीत त्यांची यादी माझ्याकडे असते. सास्तूरच्या पार्वतीबाई चार वेळा आल्या नव्हत्या. कारणाच्या रकान्यात होतं, ‘उपचारात रस नाही’. बीपीच्या गोळ्या संपून आठवडा झालेल्या बाईला रस कसा नाही, हे बघायला मी निघाले. साहेबांच्या मते तिकडे नेटवर्क नसणार.

बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाची काळजी नको. धाराशिवला उतरून गुलाबजाम खाऊन घ्या. पुढे लोहारा, तिथून काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली की नाही यावर फक्त ड्रायव्हरचं मत चालतं. भूकंपानंतर वसलेल्या सास्तूरच्या गल्ल्या सरळ आहेत, घर लगेच सापडलं. नेटवर्क पुण्यापेक्षा चांगलं होतं.

“लई घेरी येती,” पार्वतीमावशी म्हणाल्या. “फोन लावते की म्या. पर त्यातली बाई म्हणती, पूर्ण नाव सांगा.”

ती बाई म्हणजे आमच्या फोनवरचा यंत्राचा आवाज. “मग?”

“मधलं नाव मालकाचं. ते कसं घिऊ?”

मालक शेजारीच शेंगा फोडत होते. “म्या सांगाय गेलो, तर रुग्णानंच बोला म्हणती,” ते म्हणाले.

मला लाज वाटली. ते नाव आमच्या यादीत छापलेलंच होतं.

“नुसतं न्हाय, पर उखाण्यात घिते,” मावशींनी पदर सारखा केला आणि फोन लावून समोर धरला.

“फोनातल्या बाई, तुझा मोठा हाय भाव, दगडूरावांचं नाव घेते, डॉक्टरला लाव!”

“क्षमस्व, उत्तर समजलं नाही,” फोन म्हणाला. दगडूराव मात्र लाजले.

मी माझ्या मोबाइलवरून थेट आमच्या डॉक्टरांना लावलं. त्यांनी मावशींना दोनच प्रश्न विचारले आणि मला म्हणाले, “आत्ताच्या आत्ता लोहाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात न्या.” त्यांचा आवाज ऐकून मी घाबरले. या वेळी काळीपिवळी न भरताच सुटली. तिथल्या सिस्टरनं बीपी दोनदा मोजलं आणि डॉक्टरांना हाक मारली. मावशींना दोन दिवस ठेवून घेतलं. त्या गोळ्या घेऊन घरी परतल्यावरच मी पुण्याची एसटी धरली.

आता आमचा फोन फक्त स्वतःचं नाव आणि गाव विचारतो. “नेटवर्कचं काय?” साहेबांनी विचारलं. उत्तम आहे म्हटलं.

मग यादी काढून मावशींपुढचं ‘रस नाही’ खोडलं आणि तोच शेरा असलेली बाकीची नावं वाचली. बहुतेक बायका होत्या. सगळ्यांची लग्नं झालेली.

मी पहिल्या नावाला फोन लावला आणि फक्त गाव विचारलं.