फाईलच्या पोटातलं नाव

इफ्फतआपाच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती तिच्यावर भरवसा ठेवून नव्हे. कॉलेजजवळच्या टायपिंगवाल्यावर माझा त्याहूनही कमी भरवसा होता, म्हणून गेले. तिथे आमच्या सगळ्या प्राध्यापकांची ये-जा. कोणाचा पेपर कोणाच्या नजरेखालून जाईल, सांगता येत नाही. मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, जाळी दुरुस्त करणाऱ्यांच्या ओळीत, ‘फारुक टायपिंग व झेरॉक्स’ अशी पाटी होती. मासळीचा वास ओलांडून आमच्या स्टाफरूममधलं कोणी तिथवर येणार नाही, असा माझा अंदाज.

साल २००५. मी शालन मोहिते, प्राणिशास्त्राची लेक्चरर. भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, कशा वाढतात ते मी तीन वर्षं चिखलात उभं राहून मोजलं होतं. त्यावरचा पेपर एका परदेशी नियतकालिकाला पाठवायचा होता. शेवटची तारीख वीस सप्टेंबर, आणि पाठवायचा तो पीडीएफ करून, त्यांच्या नियमात बसेल असाच.

माझा स्वभाव संशयी आहे हे मला कोणी सांगायला नको. त्याला कारणही आहे. पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात एम.फिल. करताना खडकाला चिकटणाऱ्या कालवांवरचा माझा पहिला पेपर मी आमच्या सरांना फ्लॉपीवर दिला. परिषदेची सीडी निघाली तेव्हा पेपरवर सरांचं नाव होतं आणि त्यांच्या एका लाडक्या विद्यार्थ्याचं. माझं आभारातसुद्धा नव्हतं. विचारलं तर म्हणाले, “तू फक्त मोजणी केलीस.” मी गप्प बसले. माझे वडील बाबाजी मोहिते शाळामास्तर. त्यांच्या वडिलांना गावाने दिलेलं नाव कुत्र्यालाही देऊ नये असं होतं. छप्पन्न सालानंतर आजोबांनी ते टाकलं आणि स्वतःच्या पसंतीचं घेतलं. तेव्हापासून आपलं नाव दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, ही आमच्या घरची शिकवण. मी ती एकदा मोडली होती. या पेपरवर माझंच नाव लागलं पाहिजे, बाकी काही झालं तरी चालेल, असं मी मनाशी घट्ट ठरवलं होतं.

आणि या नियतकालिकाचा पहिलाच नियम काय, तर फाईलमध्ये लेखकाचं नाव कुठेही नको. नाव वेगळ्या फॉर्मवर द्या, म्हणजे तपासणाऱ्याला लेखक कळणार नाही आणि पक्षपात होणार नाही. कारण रास्त होतं. मला ते अजिबात पटलं नाही.

इफ्फतआपा चाळिशीची, डोक्यावरून ओढणी, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. नवरा फारुक बहारीनला टगबोटीवर. दुकान त्याच्या पैशाचं, म्हणून पाटी त्याच्या नावाची. मी गेले तेव्हा तिने आधी माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या फ्लॉपीकडे बघितलं.

“ही तपासल्याबिगर लावायची नाय,” ती म्हणाली. “मागल्या महिन्यात पावसच्या एका आंबेवाल्याने अशीच आणलीन. माझी मशीन दोन दिवस आजारी.”

“तपासा. पण माझी प्रत तुमच्या मशीनवर राहता कामा नये.”

“मला काय करायच्यात तुमच्या तिसऱ्या? मी शिजवते त्या.”

असं आमचं जमलं. ती विजेवर विश्वास ठेवत नसे, दर दोन ओळींनी सेव्ह करी. खाऱ्या वाऱ्यावर विश्वास नसे, म्हणून काम संपलं की मॉनिटरला उशीचा अभ्रा घाली. मी तिच्यावर विश्वास ठेवत नसे, म्हणून तिच्या खुर्चीच्या मागे उभी राही. निघताना ती माझी फाईल माझ्यासमोर पुसायची, मग पडद्यावरची कचऱ्याची टोपली उघडून तीही रिकामी करून दाखवायची. वाया गेलेले प्रिंट मी पिशवीत घालून घरी नेई आणि चुलीत टाकी. शेजारच्या जाळीवाल्यांना वाटत असेल, ही बाई खोट्या नोटा छापते.

पहिल्या वेळी मी हट्टाने फाईलला पासवर्ड घालायला लावला. तिला ते बरोबर वाटलं, मलाही. तिच्या टेलिफोनच्या तारेवरून फाईल चढायला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, कुलूप असलेली फाईल आम्ही घेत नाही.

“बघा,” मी म्हटलं, “त्यांना उघडी फाईलच हवी. कशाला हवी असेल?”

“वाचायला,” इफ्फतआपा म्हणाली.

कुलूप काढून पाठवली. तीही परत. अक्षरांचे फॉन्ट फाईलच्या आत भरलेले नाहीत. मला काहीच कळेना, कारण तिच्या पडद्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं. इफ्फतआपाने मात्र ते उत्तर दोनदा वाचलं आणि मान हलवली.

“हे पहिल्यांदा बहारीनला गेले तेव्हा मसाल्याचा डबा घरीच विसरले. महिनाभर फिकं जेवले. तिकडे आपला मसाला कोण देणार? ही अक्षरं माझ्या मशीनवर हायत, म्हणून इथे बरी दिसतात. त्यांच्याकडे नसली तर? आपला डबा आपण न्यायचा.”

फाईल बनवताना कुठेतरी एक खूण करायची राहिली होती. तिने ती केली. नंतर तिसऱ्यांचं शास्त्रीय नाव तिरक्या अक्षरात आलंय की नाही, मायक्रॉनचं चिन्ह चौकोन तर झालं नाही ना, हे बघायला ती फ्लॉपी घेऊन समोरच्या एसटीडी बूथवरच्या कॉम्प्युटरवर गेली. मी मागोमाग गेले, फ्लॉपीवरची नजर न हलवता. तिथे सगळं नीट उघडलं. तिसऱ्यांदा पाठवली.

एकोणीस तारखेला सकाळी उत्तर आलं. फाईलमध्ये लेखकाची ओळख सापडते, उद्यापर्यंत दुरुस्त करून पाठवा, नाहीतर पेपर बाद.

ओळख कुठून सापडणार? मी सगळे कागद तीनदा चाळले. नाव नाही, गाव नाही, कॉलेज नाही. इफ्फतआपा फाईलच्या माहितीचा एक चौकोन उघडू लागली. वर पेपरचं शीर्षक होतं. त्याखाली ‘ऑथर’ असा रकाना होता आणि त्याच्यासमोर तिचं नाव होतं. इफ्फत.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पाच वर्षं गिळून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

“माझ्या पेपरवर तुमचं नाव?”

“मॅडम, जरा ऐका.”

“एकदा ऐकून घेतलं मी. किती जणांचे पेपर असे आपल्या नावावर केलेत? कोणाला विकता?”

हे मी बोलले. आजही आठवलं की लाज वाटते.

ती चिडली नाही. तिने कपाटातून सीड्यांची चळत काढली आणि एकेक फाईल उघडून तोच चौकोन दाखवला. एका मास्तरांचा बी.एड.चा प्रबंध, ऑथर इफ्फत. आंबा बागायतदारांचा अहवाल, इफ्फत. गणपतीपुळ्याच्या लॉजचं दरपत्रक, इफ्फत. कोणाच्यातरी निकाहची पत्रिका, तीही इफ्फतच.

“मशीन बसवायला आलेल्या माणसाने विचारलंन, मालकाचं नाव काय भरू? पाटी ह्यांच्या नावाची, लायसन ह्यांचं, लाईटबिल सासऱ्यांचं. मी म्हटलं, घाल इफ्फत. कोण बघतंय. तेच नाव आपोआप सगळ्या फाईलीत जातं.”

“तुम्हाला हे माहीत होतं?”

तिने चष्मा काढून ओढणीला पुसला. “आधी नव्हतं. दोन वर्षांमागे कळलं. भ्याले मी. काढून टाकायचं कसं तेपण शिकले. पण काढलं नाय. माझी बारावीनंतर कॉलेजला जायची लय इच्छा होती, लगीन झालं. एवढे प्रबंध हातातनं जातात. एखाद्या दुपारी गिऱ्हाईक नसलं की उघडून बघते. कोणाचं काय जात नव्हतं म्हणून राहू दिलं. तुमचं जाईल हे ध्यानात आलं नाय.”

मग तिने फाईलची नवी प्रत केली आणि तिच्या रकान्यात गेली. नाव एकदम निवडून पुसता आलं असतं. तिने एकेक अक्षर पुसलं. रकाना कोरा झाला. ती नवी प्रत आम्ही पाठवली, आणि संध्याकाळच्या आत उत्तर आलं की फाईल नियमात बसते, पुढे तपासणीला गेली आहे.

मी माफी मागितली. मला ती नीट मागताही आली नाही, अर्धी तिच्याकडे आणि अर्धी की-बोर्डकडे बघून मागितली. सरांची सगळी हकीकत सांगितली. तिने ऐकून घेतली आणि मग पोलिसासारखी चौकशी सुरू केली.

“तो जुना पेपर टाईप कोणी केलान?”

“मीच. घरी. भावाने मुंबईहून जुना कॉम्प्युटर पाठवला होता.”

“त्या मशीनला नाव कोणाचं भरलंत?”

मी पिशवी उचलली आणि फाईली पुसून घ्यायचंही विसरून घरी निघाले.

दुसऱ्या दिवशी सीडी घेऊन गेले. पाच वर्षं ती मी वहीच्या कव्हरात गुंडाळून कपाटाच्या तळाला ठेवली होती, रागाने. इफ्फतआपाने ती आधी व्हायरससाठी तपासली, मग पेपर उघडला. पहिल्या पानावर सरांचं नाव तसंच मोठ्या अक्षरात होतं. तिने तो चौकोन उघडला. ऑथर शालन मोहिते.

मला रडू आलं. दुकानात, मासळीच्या वासात, झेरॉक्सला आलेल्या दोन गिऱ्हाइकांसमोर मी रडले.

“वरचं बदललंन त्यांनी,” इफ्फतआपा म्हणाली. “आत असतं हे त्यांना ठाऊकच नाय.” मग तिने विचारलं, “प्रिंट काढू? कोणाला दाखवायचाय?”

“दाखवून कोण मानणार? म्हणतील, टायपिस्ट होती.”

“मानू नका म्हणावं,” ती म्हणाली, आणि तरीही तिने त्या चौकोनाचा प्रिंट काढून माझ्या हातात दिला.

तिसऱ्यांचा पेपर पुढच्या मार्चमध्ये छापून आला, माझ्या एकटीच्या नावाने. पण त्या सीडीच्या दिवशी निघताना इफ्फतआपा आदल्या दिवशी पुसायच्या राहिलेल्या माझ्या वाया गेलेल्या फाईली नेहमीप्रमाणे माझ्यासमोर पुसायला बसली. पहिली पुसली, दुसरी पुसली.

“तिसरी राहू दे,” मी म्हटलं.

“तिच्यात माझं नाव हाय, मॅडम.”

“म्हणूनच.”

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग नवी फ्लॉपी काढली, आधी ती तपासली, आणि फाईल तिच्यावर उतरवून माझ्या पिशवीत टाकली.