करमतं का, आजी?

शिवाजीनगरच्या स्टँडवरून नारायणगावची एस.टी. सुटली तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. जुन्नर-आंबेगावच्या म्हाताऱ्या माणसांच्या मनःस्वास्थ्यावर लिहिलेला माझा निबंध एका परदेशी इंग्रजी नियतकालिकाने परत पाठवला होता. कारण काय, तर माझ्या निबंधात एकही माणूस दुःखी नव्हता! पुन्हा विचारून या, नाहीतर विषय सोडा, असा परीक्षकांचा निरोप. त्यांचं तरी काय चुकलं? साठी-सत्तरीची एवढी माणसं, आणि 'उदास वाटतं का?' या प्रश्नाला झाडून सगळी 'नाही' म्हणतात, हे मलाही पटत नव्हतं. पण विषय सोडायला मी काही तयार नव्हते.

खेडच्या घाटात गाडीने मान टाकली. कंडक्टर दारात उभा राहून ओरडला, "उतरा राव, जरा हात लावा!" आम्ही सगळे उतरलो. प्राध्यापकीण झाले म्हणून काय झालं, मीही पदर खोचून ढकललं. गाडी धुरळा उडवत सुरू झाली आणि तो सगळा धुरळा माझ्या पांढऱ्या साडीवर बसला.

मंचर मागे पडलं तसं दोन्ही अंगांना हिरवं दिसू लागलं. ऊस, कांदा, काठ्यांवर चढवलेले टोमॅटो. नारायणगावला उतरून झणझणीत मिसळ खाल्ली, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि जीपमध्ये स्वतःला कोंबून घेऊन पिंपळवंडीला पोचले.

पिंपळवंडीत माझा मुक्काम कोंडाबाईंकडे. मागच्या खेपेला ओळख झालेली. सत्तरी ओलांडलेल्या, नवरा गेलेला, मुलगा भोसरीला कंपनीत. घरी सून शोभा, दोन म्हशी आणि थोडी बागायती. मला बघताच शोभा म्हणाली, "आज मासवडी करते बाई तुमच्यासाठी." मी कोकणातली. मासा म्हटल्यावर जीव हरखला!

पाट्यावरचं वाटण होईपर्यंत मी ओसरीवर कोंडाबाईंना पुन्हा तोच प्रश्न घातला. "आजी, उदास वाटतं का?"

"नाय बाई. ल्योक सोन्यावानी हाय, सून येळेवर भाकर देती. उदास कशापायी?"

झालं! मी कागद पिशवीत कोंबले. आता परत जाऊन काय सांगायचं?

ताटात मासवडी आली (बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसणाचं सारण भरून केलेल्या वड्या, सोबत तिखट रस्सा). मासा नावालासुद्धा नाही! मी वडी उलटीपालटी करून बघतेय हे बघून शोभा पदर तोंडाला लावून हसली. "सारनाचा आकार माशावानी असतो बाई, बाकी काय नाय." पण चव अशी, की बोटं चाटत बसावं. तरी माझा चेहरा पडलेलाच असणार. कोंडाबाई जवळ सरकल्या. "का वो? करमत न्हाई का आमच्यात?"

"करमतंय हो," मी आपलं सवयीने म्हटलं. "तुम्हाला करमतं का, आजी?"

कोंडाबाईंनी पदर सारखा केला. मग हळूच म्हणाल्या, "कुठं करमतंय बाई. मालक गेल्यापास्नं नाय करमत. दिवस कसाबी जातो, पर दिवेलागणीला घर खायाला उठतं. घास तोंडात नुसता फिरतो. ही टीव्ही लावती, मी तिकडं त्वांड करून बसती, बघत काय नाय."

शोभाच्या हातातली पळी तशीच राहिली. "आवो आत्याबाई, आताच तर बाईंनी इचारलं, तवा नाय म्हनला!"

"तवा उदास का इचारलं व्हतं. उदास म्हनलं की तुज्यावं बोट जातं. सून नीट बघत नाय, आसं व्हतं त्ये. करमत नाय म्हनलं तर कुनाला लागतंय?"

अहो, मला तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटली! आणि लगेच स्वतःचाच राग आला, कारण समोर बाई डोळे पुसत होती. शोभा उठली आणि सासूच्या शेजारी जाऊन बसली. रस्सा गार झाला, पण कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशीपासून मी नवा प्रश्न घेऊन निघाले. पिंपरी पेंढारला ओट्याओट्यावर 'करमतं का?' विचारलं की माणसं आधी हसायची आणि मग सरकून जागा करून द्यायची. तिथून आंबेगावच्या पूर्वेला, लोणीला. इकडची जमीन कोरडी, डोळ्यांना बोचणारं ऊन. बौद्ध वस्तीत रामभाऊ भेटले. खडकीच्या कारखान्यात नोकरी करून गावी परतलेले. बुद्धाच्या तसबिरीखाली बसून त्यांनी प्रश्न ऐकला आणि आत हाक दिली, "च्या ठेव गं, पावणं बसत्यात." मग मला म्हणाले, "तिकडं भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की घरी. आता सगळा दिवस माझा, आन् त्येचं करायचं काय? नाय करमत बाई." चहा दोनदा झाला. मला उठवेना.

पुण्यात परतल्यावर खरी लढाई लागली. निबंध नव्याने लिहिला, तर संपादक म्हणे, 'करमत नाही' काढा, त्याजागी कंटाळ्याचा इंग्रजी शब्द घाला. आमच्या विभागाचे प्रमुख सरही म्हणाले, "अहो, कंटाळा लिहा आणि छापून मोकळ्या व्हा." मी म्हटलं, "सर, कंटाळा सिनेमाला गेलं की जातो. करमत नाही ते तसं जात नाही. छापलं तर 'करमत नाही'च छापीन." सर कपाळाला हात लावून बसले. पत्रांवर पत्रं गेली. मी हटले नाही. आणि अखेर अंक आला! सगळ्या इंग्रजी मजकुरात, मधोमध, आपल्या देवनागरी अक्षरांत ठसठशीत: करमत नाही. मी विभागात सगळ्यांना पेढे वाटले आणि उरलेला पुडा घेऊन पुन्हा पिंपळवंडी गाठली. या वेळी गाडीसुद्धा घाटात बंद पडली नाही.

कोंडाबाई घरी नव्हत्या. शोभा म्हणाली, "डेअरीवं. सांजचं दूध घालाय आता त्याच जात्यात, मी म्हनलं जाच तुमी. चार बाया भेटत्यात, लौकर परतत नाय मग." तेवढ्यात रिकामी किटली हलवत कोंडाबाई आल्या. मी अंक उघडून पुढे धरला.

"ह्यात माजं नाव हाय?"

"नाव छापत नाहीत, आजी. तुमचा शब्द छापलाय." मी त्यांचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं. वाचता येत नव्हतं, तरी त्या बोट फिरवत राहिल्या. मग शोभाला म्हणाल्या, "नारळ फोड गं. साता समुद्रापार गेलंय आपलं!" शेजारपाजार गोळा झाला. पेढे कमी पडले, गूळ वाटला.

निघताना राहवेना. "आता करमतं का, आजी?"

त्यांनी जरा विचार केला. "आज करमलं," म्हणाल्या.

परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून मी एकटीच हसत होते. आमच्या कागदावर उत्तरं दोनच होती: करमतं, करमत नाही. एवढं भांडून जिंकून आणलेला तो प्रश्न, आणि आजींचं उत्तर त्याच्या कुठल्याच चौकटीत बसेना! संध्याकाळ झाली होती, बाहेर घराघरांत दिवे लागत होते. मी पिशवीतून पेन काढलं आणि तिकिटाच्या पाठीवर तिसरी चौकट काढली.