प्रत्यक्ष भेटावे

सगळं विद्यापीठ त्यांना खिडकीबाई म्हणायचं. प्रमाणपत्रांच्या खिडकीत त्यांनी सव्वीस वर्षं काढली. नवरा गेलेला, लेक लग्न होऊन लांब, घरी बोलायला भिंती. पण दहा ते पाच खिडकीसमोर ही रांग! कुणाचा निकाल अडकला, कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या वडिलांचं गुडघ्याचं दुखणं, बाईंकडे सगळ्यांची बित्तंबातमी. शिक्का मारता मारता दोन शब्द ऐकवायच्याही. "केस विंचरून फोटो काढला असतास तर काही बिघडलं असतं का रे?"

मग आम्ही आलो. आम्ही म्हणजे संगणक विभाग. मी त्याचा प्रमुख, आणि स्वभावाने चिडका. अर्ज घरबसल्या, मंजुरी पडद्यावर, प्रमाणपत्र ईमेलवर. कुलसचिवांनी माझी पाठ थोपटली. महिन्याभरात रांग आटली. बाईंना एक संगणक मिळाला आणि त्यावर दोन बटणं: 'मंजूर' आणि 'त्रुटी, प्रत्यक्ष भेटावे'. खिडकी होती तशीच राहिली, पलीकडे कुणी नसायचं एवढंच. बाई डबा एकट्याच खायच्या. मला हे दिसत होतं, कारण माझा जिना तिथूनच वर जायचा.

सहामाही अहवाल हातात आला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाकीच्या टेबलांवरून शंभरात दोन अर्ज परत जात होते, बाईंकडून वीस. कारण दर वेळी एकच: फोटो अस्पष्ट. बाईंना मशीन झेपत नाही, दुसरं काय, असं पुटपुटत मी कागद घेऊन तरातरा खाली गेलो.

आत एक मुलगी बसली होती. बाईंनी तिला खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं. मी दारातच थांबलो.

"दोन दिवसांचा प्रवास ना गं? काही खाल्लंस का?"

"हो मावशी. खरं तर पंधरा तारखेपर्यंत हवं होतं प्रमाणपत्र, नोकरीवर रुजू व्हायला. पण आई दवाखान्यात होती, लगेच निघता आलं नाही. त्यांनी दुसरीला घेतलं." ती जरा हसली. "जाऊ दे. निदान कागद तरी हातात असावा. पण तुम्ही किती मायेनं बोललात हो! इतके दिवस नुसती त्या मशीनशीच झटापट चालली होती."

बाईंनी 'मंजूर' दाबलं. प्रिंटरमधून प्रमाणपत्र आलं. मुलीने ते घेतलं, कोपऱ्यातला आपला फोटो पाहिला आणि पर्समध्ये घातलेला हात तसाच ठेवून म्हणाली, "अरे, हा तर तोच फोटो. मी नवीन आणलाय ना. मावशी, हाच चालत होता का?"

एखादी थाप सहज खपली असती. मला तर वाटलं, आता मारतीलच.

"चालत होता," बाई म्हणाल्या. "स्वच्छ होता फोटो. सगळ्यांचेच असतात. मी मुद्दाम परत पाठवते. कुणी तरी यावं, दोन घटका बसावं, म्हणून. तारीखही वाचली होती मी तुझ्या अर्जातली. म्हटलं, हिला घाई आहे, म्हणजे नक्की येईल."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने प्रमाणपत्र सावकाश पिशवीत ठेवलं आणि उठली.

"माझी आईपण दिवसभर एकटीच असते," ती म्हणाली. "ती नाही असं वागत कुणाशी."

ती गेल्यावर बाईंचं माझ्याकडे लक्ष गेलं. माझ्या हातातला कागद काय असेल, ते त्यांनी विचारलंही नाही.

"ते दुसरं बटण काढून टाका साहेब. माझा भरवसा नाही."

मी ते त्याच दुपारी काढलं. आता त्रुटी असली तर वरच्या मजल्यावरून फोन जातो. अहवाल मी वर पाठवला नाही. बाईंवरचा माझा राग कुठल्या कुठे गेला होता आणि मला माझीच लाज वाटत होती. त्या भरात बोलून गेलो, "बाई, रोज चार वाजता चहाला मी तुमच्याकडे येत जाईन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून जास्तीचा कप आणला होता. मी दोनदा गेलो. मग निकालांची धांदल सुरू झाली आणि ते राहूनच गेलं.